मी गाळलेली दोन वाक्यं

माझ्या धाकट्या जावेनं डॉक्टरांना तीन गोष्टी सांगितल्या. मी त्यातली एकच इंग्रजीत सांगितली. उरलेल्या दोन गिळून टाकल्या. त्यापायी तिचं एक अख्खं वर्ष गेलं. हे लिहितानाही माझ्या कानशिलात ठोके पडताहेत, आणि राग आधी कुणाचा करू ते अजून ठरत नाही. सुरुवात माझ्यापासूनच करते.

ती गुहागरजवळच्या एका गावातली. बारावी झालेली, गावातल्या बालवाडीत शिकवायची. लग्न झालं आणि ती थेट आखातात, उम्म अल कुवैनला आली. माझा दीर तिथं ॲल्युमिनियमच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मी आणि माझा नवरा दुबईतल्या करामा भागात राहतो, पंधरा वर्षं झाली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कंपनीत मी एचआरला आहे. नोटिसा, वॉर्निंग लेटर, मेडिकलचे कागद, सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे सासरी माझ्या इंग्रजीचा मोठा दबदबा. कुणाचं काही अडलं की दीर म्हणणार, "वहिनींना विचारू."

म्हणून तिचं पोट दुखायला लागल्यावरही मलाच विचारलं. तिला इंग्रजी वाचता यायचं, पण कुणी बोललेलं कळायचं नाही आणि बोलायला जीभ वळायची नाही. हिंदी टीव्ही कळण्यापुरतं. मी रविवारी गाडी काढली आणि तिकडे गेले. दिराच्या ओळखीतल्या कुणीतरी सुचवलेलं क्लिनिक होतं. डॉक्टर वयस्क, मऊ आवाजाचे, हसरे. आम्ही तिघं आत गेलो. त्यांनी दिराला समोरच्या खुर्चीवर बसवलं, तिला बाजूच्या. मी दोघांच्या मध्ये उभी.

"काय होतंय, सांग," मी तिला म्हटलं.

तिनं नीट, सावकाश सांगितलं. बालवाडीत मुलांना सांगत असेल तसं. "ताई, पाळीच्या आधी चार दिवस आणि आल्यावर पाच दिवस पोट आणि कंबर इतकी दुखते की मला उभं राहता येत नाही. दुसरं म्हणजे, त्या दिवसांत संडासला बसले की खालून सुरी घालून फिरवल्यासारखं होतं, मी तोंडात ओढणी कोंबते. आणि तिसरं, ह्यांच्याबरोबर असताना आत खोल दुखतं. दुसऱ्या दिवसापर्यंत दुखत राहतं. आता मला जवळ जायचीच भीती वाटते."

तिनं आवाज उतरवला नव्हता. दीर खाली बुटांकडे बघत होता. माझे मात्र कान गरम झाले.

मी डॉक्टरांना म्हटलं, "शी हॅज पेन ड्युरिंग पीरियड्स. लिटल स्टमक प्रॉब्लेम ऑल्सो."

एवढंच. तिच्या तीन वाक्यांना मला आठ-दहा शब्द पुरले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. इंग्रजी फार थोडक्यात बोलतात असं तिला वाटलं असेल.

डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. म्हणजे तिला काही विचारलं नाही. दिराला विचारलं, लग्नाला किती झालं, मूल आहे का. दिरानं नाही म्हणून मान हलवली. डॉक्टर हसले. "व्हेरी नॉर्मल. आफ्टर बेबी, खलास." हात झटकून त्यांनी 'खलास' करून दाखवलं, आणि दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या.

हे मात्र मी तिला मन लावून समजावलं. एक शब्द गाळला नाही. उलट पदरचे घातले. "अगं, ते म्हणताहेत, काही काळजीचं नाही. असं सगळ्यांनाच होतं. एक मूल झालं की आपोआप थांबेल. तोवर गोळ्या घे आणि थोडं सहन करायला शीक." शेवटचं वाक्य डॉक्टरांचं नव्हतं, माझं होतं. पण तिला ते डॉक्टरांचंच वाटलं. वाटणारच.

त्यानंतर वर्षभर ती गोळ्या घेत राहिली. आधी एक, मग दोन, मग रिकाम्या पोटीसुद्धा. पित्त वाढलं, म्हणून पोटाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. त्यांनी तिखट बंद करायला सांगितलं. तिनं केलं. सासूबाईंचा गावाहून फोन यायचा तेव्हा त्या आधी तिला विचारायच्या, "काही आहे का?" आणि मग मला सांगायच्या, "तिला जरा समजव, डॉक्टर म्हणालेत ना मूल झालं की बरं वाटेल?" आणि मी समजवायचेही. करामातून, कपड्यांच्या घड्या घालता घालता, फोन स्पीकरवर टाकून. ती 'हो ताई' म्हणायची. आता विचार केला की कळतं, ज्या गोष्टीनं तिला सगळ्यात जास्त दुखत होतं तीच करायला आम्ही दोघी तिच्या मागे लागलो होतो.

एका रविवारी ती दोघं आमच्याकडे जेवायला आली. मी सुरमई तळत होते. ती बाथरूममध्ये गेली ती पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, बाहेर येईना. दाराशी गेले तर आतून आवाज आला. रडण्याचा नाही. दातांत काहीतरी धरून कुणी ओरडायचं थांबवत असेल तसा. मी दार वाजवलं. बऱ्याच वेळानं तिनं उघडलं. चेहरा पांढराफटक, केस कपाळाला चिकटलेले, हातात माझा टॉवेल. त्यावर तिच्या दातांच्या खुणा होत्या.

मी तिला आतल्या खोलीत पलंगावर निजवलं. तिनं छताकडे बघत विचारलं, "ताई, तुम्ही तेव्हा डॉक्टरांना हे सांगितलं होतं ना? संडासचं?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही.

"आणि ह्यांच्याबरोबरचं?"

"तेही."

तिनं हातातला टॉवेल उशाशी ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे सगळं ऐकूनही ते म्हणाले की हे नॉर्मल आहे. मग माझ्यातच सहनशक्ती कमी असणार."

मी तिथं उभी होते, हातात तेलाचा झारा तसाच. वर्षभर ही मुलगी असं समजून चालली होती की एका शिकलेल्या माणसानं तिचं सगळं दुखणं ऐकलं, तोललं आणि काही नाही म्हणून बाजूला ठेवलं. डॉक्टरांनी ते ऐकलंच नव्हतं. ते माझ्या घशातच राहिलं होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, परत येऊन खोलीचं दार लावलं आणि तिला खरं सांगितलं. जास्त शब्द नाही लागले. "मी नाही सांगितलं. पाळीचं तेवढं सांगितलं. बाकीचं नाही."

"का?"

"ते पुरुष डॉक्टर, शेजारी भावजी... मला लाज वाटली."

ती उठून बसली. अशी थंड नजर मी तिची कधी पाहिली नव्हती. "लाज तुम्हाला वाटली, ताई. दुखत मला होतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "नको," आणि पर्स घेऊन बाहेर गेली. सुरमई तशीच राहिली. दिराला काय झालं ते कळेना, पण तिच्या मागे निघाला.

त्या आठवड्यात मी फार वाईट वागले. ऑफिसात दोघांवर खेकसले, नवऱ्याशी भांडले. त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना, तू मुद्दाम थोडीच केलंस?" त्या 'जाऊ दे'नं माझं डोकं आणखी फिरलं. मुद्दामच केलं होतं की! आणि सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? आमच्या कंपनीतल्या एका वेल्डरला मूळव्याध झाली होती. मराठवाड्यातला माणूस, इंग्रजी शून्य. त्याच्याबरोबर मी डॉक्टरकडे गेले होते. किती दिवसांपासून, रक्त पडतं का, बसताना दुखतं की जोर केल्यावर, सगळं मी खणखणीत सांगितलं होतं. लाज नाही, काही नाही. कारण तो माझ्या घरातला नव्हता. लाज मी फक्त घरच्या बाईसाठी राखून ठेवली होती.

मला लहानपणी ह्या सगळ्यासाठी शब्दच दिले नव्हते. पाळीला 'अडचण' म्हणायचं. शरीराला 'खाली', 'तिकडे' म्हणायचं. नवराबायकोच्या गोष्टीला तर काहीच म्हणायचं नाही. मग मी इंग्रजी शिकले, त्याच्यावर नोकरी मिळवली, आणि इतक्या वर्षांनी त्या इंग्रजीतही 'लिटल स्टमक प्रॉब्लेम' म्हणाले. पण ही सबब मला पुरत नाही. जावेलाही असंच वाढवलं होतं, माझ्यापेक्षा लहान गावात. ती बोलली होती.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "शारजाला एक बाई डॉक्टर आहेत, बिल्डिंगमधल्या एका बाईनं नाव दिलंय. त्यांना हिंदी येत नाही. मी मोबाइलवर भाषांतर करून बघितलं. 'माझी पाळी दुखते' लिहिलं तर ते म्हणतं, माझी शिफ्ट दुखते." मला हसू आलं, तिला नाही. "म्हणून तुम्ही चला. पण मी बोलेन तेवढंच आणि तसंच सांगायचं. तुमच्या मनातलं काही घालायचं नाही, काही काढायचं नाही."

"बरं," मी म्हणाले.

हॉस्पिटलच्या दारातच दीर आमच्याबरोबर आत निघाला. ती वळून म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. बोलावलं की या." तो बसला.

डॉक्टर पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, बोलणं तोडून टाकल्यासारखं. सवयीनं त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, काय तक्रार आहे. मी म्हटलं, "प्लीज, तिच्याकडे बघून विचारा. मी फक्त भाषांतर करतेय." त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

जावेनं तिन्ही गोष्टी पुन्हा सांगितल्या. मी एकेक वाक्य घेत गेले. सुरी आली तेव्हा सुरी म्हटलं, ओढणी आली तेव्हा ओढणी. तिसऱ्या वाक्याला माझा आवाज चिरकला. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग प्रश्न सुरू झाले. दर पाळीलाच संडासचं दुखणं वाढतं का? लघवीला? संबंधाच्या वेळी सुरुवातीला दुखतं की आत खोल? आता मला उलट्या दिशेनं, मराठीत बोलायचं होतं, आणि ते जास्त अवघड निघालं. मी अडखळत म्हटलं, "संबंध येतो तेव्हा... तोंडाशी दुखतं की आत?" ती लगेच म्हणाली, "आत. कुणीतरी जखमेवर बोट दाबावं तसं."

"हे केव्हापासून आहे?"

"दुखणं चौदाव्या वर्षापासून. बाकीचं लग्नापासून."

"मग आधी कुठल्याच डॉक्टरांना का सांगितलं नाही?"

हा प्रश्नही मला मराठीत करायचा होता. मी केला. जावेनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मीच डॉक्टरांकडे वळले. "तिनं सांगितलं होतं. मी भाषांतर केलं नाही."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "असं पुष्कळदा होतं," आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पुष्कळदा! म्हणजे माझ्यासारख्या पुष्कळजणी होत्या, आपापल्या जावा-नणंदांच्या शेजारी उभ्या.

त्यांनी तिला आतून तपासू का म्हणून विचारलं. नको असेल तर नको म्हणायचं, हेही सांगितलं. ती हो म्हणाली. तपासताना एका जागी हात लागला आणि ती टेबलावरून अर्धी उठली. डॉक्टर लगेच थांबल्या. मग सोनोग्राफी झाली, आणि दहा दिवसांनी एमआरआय. त्यानंतर आम्हाला पुन्हा बोलावलं आणि नाव सांगितलं : एंडोमेट्रिओसिस. त्याला मराठीत माझ्याजवळ शब्द नव्हता, म्हणून डॉक्टर बोलत गेल्या तसं मी सांगत गेले. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसंच काहीतरी बाहेर वाढतं. हिच्या डाव्या अंडाशयावर जुन्या रक्ताची गाठ आहे, आणि गर्भाशयाच्या मागे, आतड्याजवळ चिकटलंय. पाळीच्या वेळी तेही सुजतं. म्हणून सुरी.

"म्हणजे मी खोटं नव्हते बोलत," जाऊ म्हणाली. तिचा पहिला प्रश्न हा होता. प्रश्नही नव्हता तो. मी तोही इंग्रजीत सांगितला.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमची सहनशक्ती कमी नाही. खूप जास्त आहे."

मग उपचारांचं बोलणं झालं. रोज घ्यायची हार्मोनची गोळी, तिनं पाळी थांबते किंवा कमी होते आणि बऱ्याच जणींचं दुखणं उतरतं. अधूनमधून डाग दिसतील, डोकं दुखेल, मन उदास होऊ शकेल, तसं झालं तर लगेच सांगायचं. गोळीनं भागलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन. ते करूनही पुन्हा वाढू शकतं. कायमचं जाईल असं वचन देता येत नाही.

"आणि मूल झालं की थांबतं, ते?" जावेनं विचारलं.

"मूल हे औषध नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मूल हवं असेल तर हवं म्हणून करायचं. त्यात अडचण येऊ शकते, सगळ्यांनाच येते असं नाही. पण गोळी चालू असताना दिवस राहणार नाहीत. त्यामुळे आधी काय, हे तुम्ही ठरवा."

दिराला आत बोलावलं. त्याच्यासमोर तिनं स्वतः सगळं सांगितलं, मराठीत, मला मधे न घेता. आणि म्हणाली, "आधी दुखणं. मग बाकी." त्यानं नुसती मान हलवली. बाहेर गाडीशी आल्यावर मात्र तो मला म्हणाला, "वहिनी, मला वाटायचं तिला मी आवडत नाही." तिथं, पार्किंगमध्ये, चाळिशीला आलेला माणूस. तिनं पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा तो शेजारीच होता, आपल्याच भाषेत ऐकत होता. पण डॉक्टर हसून नॉर्मल म्हणाले, वहिनींनी समजावलं, आणि त्यानंही ऐकलेलं सोडून दिलं.

गोळीनं चार महिने थोडं बरं वाटलं, मग पुन्हा वाढलं. ऑपरेशन ठरलं. इन्शुरन्सच्या मंजुरीसाठी पहिल्या क्लिनिकचे कागद लागत होते. ते आणायला मी एकटीच गेले. रिसेप्शनवर फाइल मिळाली. तिथंच उभ्यानं वाचली. एका ओळीत पाळीतलं किरकोळ दुखणं. खाली लिहिलं होतं : पेशंट डिनाइज एनी अदर कम्प्लेंट.

डिनाइज. म्हणजे डॉक्टरांनी विचारलं आणि तिनं नाही म्हटलं. कधी विचारलं?

मी थांबले, नंबर लावला, आत गेले. डॉक्टरांना ओळख पटली नाही. मी सगळं सांगितलं, रिपोर्ट पुढे ठेवले. त्यांनी ते मन लावून वाचले, हे कबूल करते. मग मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्हीच भाषांतर करत होतात. तुम्ही सांगायला हवं होतं."

"हवं होतं," मी म्हटलं. "माझी चूक मी तिच्यासमोर कबूल केली आहे. पण तुम्ही तिला एक प्रश्नही विचारला नाहीत. तुम्ही तिच्या नवऱ्याशी बोललात. मग तिनं नाही म्हटलं असं कसं लिहिलंत?"

"ही लिहायची पद्धत आहे."

"मग पद्धत खोटी आहे."

त्यांनी बेल वाजवली. पुढचा पेशंट आला. मी बाहेर बसून पर्समधल्या कागदावर एक पत्र लिहिलं. पेशंटनं त्या दिवशी काय काय सांगितलं, माझ्याकडून काय गाळलं गेलं, डॉक्टरांनी काय विचारलं नाही. वॉर्निंग लेटर लिहून लिहून माझा हात तयार आहे. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, हे फाइलला लावा आणि मला शिक्का मारलेली कॉपी द्या. ती 'इन्शाल्ला' म्हणाली. मी म्हटलं, इन्शाल्ला नको, शिक्का हवा. मिळेपर्यंत उभी राहिले.

ऑपरेशन ठरल्यापेक्षा लांबलं. बरंच चिकटलेलं होतं, आतड्याचे डॉक्टरही बोलवावे लागले. दुखणं सगळं गेलेलं नाही. पण नऊ-दहा दिवसांच्या जागी आता महिन्यातले एक-दोन दिवस वाईट जातात. संडासचं जवळजवळ थांबलं. गोळी चालू आहे. मुलाचं त्या दोघांनी अजून ठरवलेलं नाही. सासूबाईंना मी फोनवर आजार समजावून सांगितला, संडास आणि संबंध हे दोन्ही शब्द वापरून. त्यांनी मधेच फोन सासऱ्यांकडे दिला.

जाऊ माझ्याशी बोलते, घरी येते, जेवते. पण शारजाला पुढच्या तपासणीला तिनं मला बोलावलं नाही. मला नंतर कळलं. वहीत इंग्रजी वाक्यं लिहून, पाठ करून ती बसनं एकटी जाऊन आली होती. मी फोनवर विचारलं, "सगळं सांगता आलं?"

"आलं."

"मला का नाही बोलावलंस?"

"गरज नव्हती, ताई," ती म्हणाली. रागानं नाही, पण लाडानंही नाही. मग म्हणाली, कुकरची शिट्टी झालीय, ठेवते.